भंगार, भट्टी आणि आपण: धातूंचा पर्यावरणाला कमी ताप कसा होईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत, मेल्टिंगवर बावीस वर्षं काढली. आता भट्टीसमोर उभं राहत नाही, पण लोक प्रश्न विचारायचे थांबत नाहीत. लग्नाच्या पंगतीत कोणी ‘ग्रीन स्टील’बद्दल विचारतं, सोसायटीच्या सभेत कोणी जुन्या ग्रिलचं काय करायचं म्हणतं. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. क्रम काही विशेष नाही, जसे आठवले तसे घेतलेत.

धातू कितीही वेळा वितळवता येतो म्हणतात. मग अडचण कुठे आहे?

म्हणतात ते खरं आहे. प्लास्टिक दर वेळी वितळवलं की त्याचा कस कमी होतो, कागदाचा धागा तुटत जातो. लोखंडाचं, तांब्याचं, ॲल्युमिनिअमचं तसं होत नाही. धातू वितळवल्यानं म्हातारा होत नाही, पण दुसऱ्या धातूत मिसळला की बाटतो आणि मग त्याला शुद्ध करून घेणं महाग पडतं, कधी कधी अशक्यच होतं.

उदाहरण जवळचंच घेऊ. जुनी मोटारगाडी दाबून तिचा गठ्ठा केला आणि तसाच भट्टीत टाकला. त्यात सांगाडा लोखंडाचा, पण वायरिंग, स्टार्टर आणि काच वरखाली करणाऱ्या छोट्या मोटरी तांब्याच्या. भट्टीत सगळं एकजीव होतं. पोलादातून सिलिकॉन आणि मँगनीज जाळून मळीत, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या कचऱ्यात, काढता येतात आणि कार्बन वायू होऊन निघून जातो, कारण ते लोखंडाच्या आधी ऑक्सिजनला धरतात. तांब्याचं उलटं आहे. लोखंड जळेल, पण तांबं जळणार नाही. एकदा आत गेलं की ते आतच राहतं.

मग ते करतं काय? त्या पोलादाची लगड पुन्हा तापवून रोलिंगला घेतली की वरच्या थरातलं लोखंड गंजून खपली होऊन निघून जातं आणि तांबं मागे साचतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, लगड त्याहून गरम असते. वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि रोलखालून जाताना पृष्ठभागाला भेगा पडतात. म्हणून गाडीच्या पत्र्यासाठी लागणाऱ्या पोलादात तांबं साधारण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. बांधकामाच्या सळईत ०.४ टक्क्यांपर्यंत चालून जातं. परिणाम असा की जुन्या गाडीच्या चांगल्या पत्र्याची पुढच्या जन्मी सळई होते, आणि नव्या गाडीच्या पत्र्यासाठी पुन्हा खाणीतून खनिज काढावं लागतं.

यावर उपाय असलेच तर भट्टीच्या आधीचे. गठ्ठा दाबण्यापूर्वी कोणीतरी हातात पक्कड घेऊन वायरिंग उपसून काढायला हवं. आपल्याकडे ते काम अजून हातानं होतं, आणि त्या बाबतीत आपण श्रीमंत देशांच्या श्रेडर यंत्रांपेक्षा पुढे आहोत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मग सगळं पोलाद भंगारापासूनच का बनवत नाही?

तेवढं भंगारच नाही. १९९० साली भारतात वर्षाला साधारण दीड कोटी टन पोलाद बनत होतं. २०२४ मध्ये हा आकडा १५ कोटी टनांच्या घरात गेला. इमारतीत किंवा पुलात घातलेलं पोलाद चाळीस-पन्नास वर्षं बाहेर येत नाही. म्हणजे आज मोडीत निघतंय ते आपल्या आईवडिलांच्या काळातलं दीड कोटीच्या जमान्यातलं, आणि गरज आहे आजच्या पंधरा कोटींची. ताळमेळ बसणार कसा? बाहेरून भंगार आयात होतं, तरीही तूट राहतेच.

वर्षाला माणशी पोलादाचा वापर आपल्याकडे १०० किलोच्या आसपास आहे, जगाची सरासरी त्याच्या दुप्पट. गावाकडे अजून पूल व्हायचेत, पाण्याच्या टाक्या व्हायच्यात. त्यामुळे ‘खाणी बंद, फक्त भंगार’ ही मागणी ऐकायला गोड असली तरी पुढची काही दशकं ती पुरी होणारी नाही.

खनिजापासून पोलाद करताना एवढा कार्बन कशामुळे बाहेर पडतो? कोळशाऐवजी दुसरं इंधन वापरलं तर?

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेसमध्ये) कोक, म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा, नुसता आचेसाठी घालत नाहीत. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची घट्ट बांधलेली मोळी. ती मोळी सोडवायला ऑक्सिजन ओढून घेणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम कोकमधून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड करतो. ऑक्सिजन घेऊन तो कार्बन डायऑक्साइड होतो आणि धुराड्यातून बाहेर जातो. म्हणजे आच दुसरीकडून आणली तरी ही रासायनिक गरज शिल्लक राहतेच. या मार्गानं एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो.

भारतात आणखी एक भानगड आहे. स्पंज आयर्न म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं लोखंड, आणि ते बनवणारा जगातला सर्वांत मोठा देश आपण. इतर देश बहुधा ते नैसर्गिक वायूवर करतात, आपल्याकडे वायू महाग म्हणून बराच भाग कोळशावर, फिरत्या भट्ट्यांत होतो. त्याचा हिशोब झोतभट्टीपेक्षाही वाईट निघतो. विदर्भात, चंद्रपूरकडे प्रवास करताना रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर काळपट थर दिसतो, त्यात या उद्योगाचाही वाटा आहे.

हायड्रोजनवर पोलाद बनवतात ते खरं आहे का?

खरं आहे. स्वीडनमध्ये एसएसएबी, एलकेएबी आणि वॅटनफॉल या तीन कंपन्यांनी मिळून लुलेओ इथे ‘हायब्रिट’ नावाचा प्रायोगिक प्रकल्प उभारला. २०२१ साली तिथून कोळशाशिवाय बनलेल्या पोलादाची पहिली खेप व्होल्वोला गेली. कार्बनऐवजी हायड्रोजन ऑक्सिजनला ओढतो आणि धुराऐवजी वाफ निघते.

पण उत्साहाच्या भरात एक गणित विसरलं जातं. एका टनाला साधारण ५० ते ५५ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटच्या आसपास वीज. म्हणजे नुसत्या हायड्रोजनसाठी टनामागे अडीच हजारांवर युनिट. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर आकडा पावणेदोन ते दोन टनांपर्यंत जातो. आलो ना पुन्हा जवळपास तिथेच! स्वीडनला हे जमतं कारण तिथे जलविद्युत आणि अणुवीज आहे. आपल्याकडे हायड्रोजनच्या आधी सौर आणि पवन वीज, आणि तीही रात्री पुरेल अशी, लागेल. त्याशिवाय ‘हायड्रोजनवरचं पोलाद’ हा धूर एका धुराड्यातून दुसऱ्या धुराड्याकडे सरकवण्याचा प्रकार होईल.

बाजारात ‘ग्रीन स्टील’ म्हणून विकतात, ते काय असतं?

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयानं याची व्याख्या ठरवली. तयार पोलादाच्या एका टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच त्याला हिरवं म्हणायचं. १.६ च्या खाली असेल तर पाच तारे, १.६ ते २ चार तारे, २ ते २.२ तीन तारे. फ्रिजवर तारे असतात तसंच.

माझं मत विचाराल तर २.२ ही रेघ बरीच सैल आहे. भंगारावर चालणारी नेटकी भट्टी सहज तिच्या खाली राहते. पण शून्यापेक्षा मोजमाप बरं. शिवाय युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाल्यामुळे पोलाद आणि ॲल्युमिनिअमच्या निर्यातदारांना टनामागचा आकडा सांगावाच लागतो. पूर्वी गेटवर वजनकाट्याची पावती पुरायची, आता विजेची बिलंही फायलीला लागतात.

आमची फाउंड्री लहान आहे. आम्ही काय करू शकतो?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे उत्तर लांबणार.

शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी या पट्ट्यातल्या बहुतेकांनी कोकवरची क्युपोला भट्टी सोडून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली. छतावर सौर पॅनेल बसवली. चांगलं झालं. पण पॅनेलचं उद्घाटन करताना शॉपफ्लोअरवर एक ढीग पडलेला असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो ढीग रनर-रायझरचा.

साच्यात ओतलेला सगळा रस कास्टिंग होत नाही. रस आत जायच्या वाटा म्हणजे रनर, आणि आकसताना भर घालायला ठेवलेले रायझर, हे नंतर हातोड्यानं तोडून परत भट्टीत टाकतात. शंभर किलो ओतले आणि साठ किलो माल मिळाला तर यील्ड साठ टक्के. उरलेलं चाळीस किलो लोखंड कुठेही न जाता नुसतं वितळत आणि गोठत राहतं. एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. साठ टक्के यील्ड असेल तर एक टन चांगल्या मालामागे १००० युनिट जळतात. यील्ड सत्तरवर नेलं तर ८५७. टनामागे दीडशेच्या आसपास युनिट वाचली, तीही पॅनेल न लावता, फक्त पॅटर्नवरचा रायझर योग्य जागी आणि योग्य आकाराचा बसवून. आता यात रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, मिळवा. ब्लोहोल (आत अडकलेल्या वायूची पोकळी) निघालेला ब्रॅकेट हा गिऱ्हाइकानं परत पाठवलेला माल तर असतोच, शिवाय तो दोनदा भरलेलं वीजबिल असतो.

आमच्याकडे एक पॅटर्नमेकर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एका पंपाच्या केसिंगवर त्यांनी तीन रायझरचे दोन केले. मॅनेजर घाबरले, पोकळी राहील म्हणाले. अण्णांनी रायझरभोवती उष्णता धरून ठेवणारी स्लीव्ह बसवली, पहिले पाच नग कापून आतून दाखवले. पाचही घट्ट. त्या दिवशी कोणी केक कापला नाही, पण पुढे वर्षानुवर्षं त्या एका नगावर किती वीज वाचली असेल त्याचा हिशोब मी अजून करत असतो.

दुसरी गोष्ट वाळूची. आम्ही जिला ‘ग्रीन सँड’ म्हणतो ती काळीकुट्ट असते. ग्रीन म्हणजे ओली, न भाजलेली. नावावर जाऊ नका. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी यांचं ते मिश्रण. त्यातली सिलिका सिंधुदुर्गातून, कासार्डे-फोंडा पट्ट्यातून घाट चढून येते. वापरून जळालेली वाळू पूर्वी सर्रास ओढ्याच्या कडेला किंवा खड्ड्यात टाकली जायची. कोकणातली जमीन उकरायची आणि देशावरचा ओढा बुजवायचा, असा तो उद्योग. वाळू चोळून किंवा भाजून पुन्हा वापरण्याची यंत्रं आता मिळतात. एकट्याला परवडत नसतील तर चार-सहा जणांनी मिळून उभारावीत. ऊस साखर कारखान्याला सहकारी पद्धतीनं घालणाऱ्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज नसावी.

भंगार ओलं असलं तर बिघडतं का?

जीव जाऊ शकतो. एकदा पावसाळ्यात उघड्यावरचं भंगार भट्टीत चार्ज केलं. त्यात स्कूटरचा एक शॉकॲब्सॉर्बर होता, दोन्ही बाजूंनी बंद. रसात पडल्यावर आतल्या तेलाची आणि पाण्याची वाफ झाली, बार झाल्यासारखा आवाज आला आणि रस छपरापर्यंत उडाला. ज्यानं चार्ज केला तो पोरगा नशिबानं मागे वळला होता. कानामागे एक डाग राहिला, एवढ्यावर भागलं. तेव्हापासून बंद नळकांडं दिसलं की मी ते आधी फोडायला लावायचो.

भंगारातून याहून भयानक गोष्टीही येतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण मोडताना आतला कोबाल्ट-६० उघडा पडला. अनेक जण किरणोत्सर्गानं आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. मोठ्या कारखान्यांच्या गेटवर आता किरणोत्सर्ग तपासणारी यंत्रणा असते. लहानांकडे ती नसते.

जर्मनची भांडी वाईट, स्टीलची चांगली, असं पर्यावरणाच्या दृष्टीनं म्हणता येईल का?

आधी जर्मनबद्दल. आपण ज्याला जर्मन म्हणतो ते ॲल्युमिनिअम. एक टन ॲल्युमिनिअमसाठी चार-पाच टन बॉक्साइट खणावं लागतं, त्यातून दोन टन अल्युमिना निघतो आणि मग विजेच्या धगीत एक टन धातू. या शेवटच्या टप्प्याला १४००० युनिटच्या आसपास वीज लागते. भारतातले हे कारखाने बहुतेक स्वतःच्या कोळशाच्या वीजकेंद्रांवर चालतात. युनिटमागे एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी टनामागे १४ टन, फक्त विजेचे. किलोभर वजनाच्या एका कढईमागे १४ युनिट, म्हणजे घरातला लहान फ्रिज काही आठवडे चालेल इतकी वीज.

तेच ॲल्युमिनिअम भंगारातून वितळवलं तर पाच टक्के ऊर्जेत काम होतं. म्हणून म्हणतो, जर्मनचं टोप वाईट नाही, ते कचऱ्यात जाणं वाईट. आणि चिप्सच्या पाकिटाला आतून चिकटवलेला तो चमकता थर तर कोणाच्याच बापाला परत काढता येत नाही. तिथे धातू कायमचा गेला.

बॉक्साइटचा आपल्याशी थेट संबंध आहे. राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या पठारांवरून, ते काढलं गेलंय. पावसाळ्यात ज्या सड्यांवर फुलं येतात, पाणी थांबतं आणि खालच्या झऱ्यांना जातं, त्याच जांभ्याच्या थरात बॉक्साइट असतं. वरचा थर काढला की नंतर झाडं लावली तरी सडा परत होत नाही. सडा म्हणजे माळरान पडीक, अशी सरकारी दप्तरातली समजूत या बाबतीत फार महागात पडली.

अल्युमिना काढल्यावर उरतो लाल चिखल. तो इतका अल्कधर्मी असतो की कातडी भाजते. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत अयका इथल्या अशा तळ्याचा बांध फुटला, लाल चिखल गावांत शिरला आणि दहा माणसं गेली. त्यातून लोखंड, टायटॅनियम काढण्याचे, विटा करण्याचे प्रयोग चालू आहेत. तळी मात्र अजून भरतच आहेत.

आता स्टीलचं. दुकानात चुंबक घेऊन जाणारे लोक बघितलेत ना? चुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील, असा त्यांचा ठाम विश्वास. तो अर्धा खरा. ३०४ प्रतीच्या स्टीलला, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, चुंबक चिकटत नाही. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेल्या स्वस्त २०० मालिकेलाही चिकटत नाही. उलट ४३० प्रतीला चिकटतं, आणि ते काही टाकाऊ स्टील नाही.

भंगारात गोंधळ इथूनच सुरू होतो. ४३० ची ताटली चुंबकाला चिकटली की भंगारवाला तिला लोखंडात टाकतो आणि तिच्यातलं क्रोमियम मळीत जातं. २०० ची वाटी ३०४ च्या ढिगात गेली की त्या ढिगाची प्रत घसरते. भांड्याच्या बुडावर प्रत ठळक कोरलेली असेल तर हे टळेल. काही कंपन्या कोरतात. सगळ्यांना सक्ती व्हावी असं मला वाटतं, कारण तो ठसा आज गिऱ्हाइकाला आणि तीस वर्षांनी भंगारवाल्याला उपयोगी पडेल.

तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांचं काय करावं? मोडीत घालू का?

शक्यतो घालू नका. पितळेच्या पातेल्याला कल्हई केली की ते पुन्हा स्वयंपाकाला येतं. नवसागर आणि थोडंसं कथील, बस. कल्हईवाले कमी झालेत हे खरं, पण पुण्यात तांबट आळीच्या आसपास विचारलंत तर काम करून देणारे भेटतील. खनिजात तांबं बऱ्याच ठिकाणी एक टक्क्याहूनही कमी असतं, म्हणजे एक टन तांब्यामागे शंभर टनांवर दगड फोडावा लागतो. आजीचा बंब जिन्याखाली पडलाय तो त्या दगडातून एकदा बाहेर आलेला आहे. मोडीत घालायचाच असेल तर पितळ आणि तांबं वेगळं वजन करून घ्या. भंगारवाला सांगणार नाही, पण भावात फरक असतो.

वायर जाळून तांबं काढणं सोपं पडतं. त्यात एवढं वाईट काय?

पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होतात, ती सगळ्यात विषारी संयुगांपैकी आहेत. वर जळकं तांबं काळवंडतं आणि त्याला भाव कमी मिळतो. सोलायचं साधं यंत्र हातानं फिरवायचं असतं. जाळू नका, एवढंच.

भंगारवाल्याला द्यावं की सरकारमान्य केंद्रात?

वस्तूवर अवलंबून आहे. लोखंड, पत्रा, जर्मन, पितळ, बीड हे दारावरच्या भंगारवाल्याला खुशाल द्या. तो जितकं बारकाईनं वेगळं करतो तितकं कुठलीही महापालिका करत नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीला आपण जसं हिणवतो तसंच यालाही हिणवतो, आणि दोघंही आपल्या घरातला कचरा निम्म्यावर आणतात.

बॅटरीचं वेगळं. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाम्ल असतं. घराच्या मागे ॲसिड ओतून शिसं वितळवणारे लोक स्वतःच्या मुलांच्या रक्तात शिसं घालत असतात. बॅटरी दुकानातच परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकावर ती परत घेण्याची जबाबदारी आहे, आणि जुनी दिल्यावर नव्यावर सूटही मिळते. मोबाइल, संगणक, टीव्ही यांचंही तसंच, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात. जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घ्या. नाहीतर गाडी मोडली जाते, नंबर जिवंत राहतो आणि पुढे पोलीस तुमच्या दारात येतात.

जहाजं तोडतात त्या पोलादाचं काय होतं?

गंमत अशी की त्यातला बराच भाग वितळवावाच लागत नाही. जहाजाच्या जाड प्लेट कापून, तापवून सरळ सळया लाटतात. वितळवण्याची ऊर्जा वाचते. आयएनएस विक्रांत ही आपली जुनी विमानवाहू युद्धनौका २०१४ च्या अखेरीपासून मुंबईच्या दारुखान्यात तोडली गेली. तिच्यातलं काही पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये आलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या पेट्रोलटाकीत वापरलं. आमच्या गल्लीत एकानं ती घेतली होती, टाकीवर हात ठेवून तो युद्धाच्या गोष्टी सांगायचा. पण तोडणाऱ्या कामगारांचे हात, ॲस्बेस्टॉस, तेलानं माखलेला किनारा हे त्या टाकीवर दिसत नाही. जहाजतोडणीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर लागू झाला, त्यात धोकादायक मालाची यादी जहाजाबरोबर द्यावी लागते. गुजरातेत अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर त्यामुळे काय बदलतं ते बघायचं.

खाणींबद्दल तुम्ही काही बोलत नाही?

बोलतो. गोव्यात २०१०-११ च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज निर्यात होत होतं, मुख्यतः चीनला. मांडवी-झुआरीतून बार्जेस रांगेनं जायच्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात शेतांत लाल गाळ साचला, विहिरींचं पाणी गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं आणि २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या. त्या मातीतून पैसा निघाला तो ट्रकवाल्यापासून मंत्र्यापर्यंत पोचला, गाळ मात्र ज्याच्या शेतात साचला त्याच्याकडेच राहिला.

गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर आज तेच चाललंय, फक्त उलट दिशेनं: खनिज बाहेर न पाठवता जिल्ह्यातच कारखाना हवा, रोजगार हवा अशी भूमिका आहे. रोजगार हवाच. पण माडिया गोंडांचा ठाकूरदेव त्या डोंगरावर आहे, आणि ग्रामसभेला विचारणं ही कागदाची पूर्तता नसते. पोलादाला तारे देताना डोंगराचा हिशोब त्यात धरत नाहीत, हा त्या पाच ताऱ्यांमधला मोठा खड्डा.

मळीचा उपयोग होतो का?

होतो. झोतभट्टीची मळी पाण्यानं झटकन थंड करून दळली की सिमेंटमध्ये जाते, आणि तेवढं क्लिंकर, म्हणजे सिमेंटसाठी भाजावे लागणारे चुनखडीचे गोळे, वाचतं. पोलादाची मळी रस्त्यात खडी म्हणून वापरता येते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात असा तुकडा केलेला आहे. त्या महामार्गाचा एखादा तुकडा पुरा झाला हीच बातमी, त्यात मळीचा निघाला म्हणजे दुप्पट.

घर बांधताना सळई कमी कशी लागेल?

इंजिनीअरनं काढलेल्या आराखड्याप्रमाणे बांधून. हसू नका. साइटवर ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, दोन रॉड जास्तीचे टाकू, घर पक्कं होईल.’ चुकीच्या जागी टाकलेल्या जास्त सळईनं घर पक्कं होत नाही, काँक्रीट आत नीट उतरत नाही. सळई कापण्याचं वेळापत्रक आधी केलं तर कटपीस कमी उरतात. कोकणात असाल तर सळईवरचं काँक्रीटचं आवरण पुरेसं जाड ठेवा, आणि समुद्राच्या वाळूनं बांधू नका. गंजून फुगलेली सळई छताचा तुकडा पाडते आणि वीस वर्षांत तुम्ही पुन्हा पोलादाच्या दुकानात.

ग्रिलचंही तेच. मृगाआधी गंज घासून रेड ऑक्साइडचा हात आणि वर रंग. गंजून गेलेलं लोखंड भंगारातही येत नाही, ते मातीत जातं.

सोन्याचं काय?

सोनं वाया जात नाही, कारण त्याची किंमत सगळ्यांना असते. सराफाच्या दुकानातला केर, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा झारेकरी विकत घेत आणि धुऊन त्यातून कण काढत. लोखंडाचा भाव सोन्याइतका असता तर हे पान लिहायची वेळच आली नसती.

माझा बिडाचा तवा तडकलाय. भंगारवाला म्हणतो लोखंडाच्या भावात घेतो. देऊ का?

बीड आणि लोखंड एक नव्हे. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि वर सिलिकॉन असतं, म्हणून फाउंड्रीला ते हवं असतं. पत्र्याचं भंगार घातलं तर कार्बन वरून मिसळावा लागतो, तव्यात तो आधीच आहे. वेल्डिंग करून घेऊ नका, पुन्हा तडकेल. भंगारवाल्याला सांगा बिडाच्या ढिगात टाक म्हणून. तो बघेल तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं, मग बिडाचा भाव सांगेल. जवळपास फाउंड्री असेल तर तवा तिथे घेऊन जा, गेटवरच्या माणसाला दाखवा. बहुतेक तो उचलून हातोडीनं एकदा वाजवेल, आणि तुटलेल्या कडेचा करडा रंग बघून म्हणेल, ‘जुना माल आहे, ठेवा इथं.’